बाळगोळीची झोप

बाळगुटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांचे मोजके वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचे. आज आम्ही बोलणार आहोत ती बाळगोळी. नाव सारखं, पण या गोळीत अफू असे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात ही गोळी सर्रास वापरात होती. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणीतल्या बायांची आणि त्यांच्या तान्ह्या मुलांची पाहणी केली. शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे न देणारी आईच विरळा.

का देत होत्या? रिळिंग, वाइंडिंग खात्यात दहा-अकरा तास काम. खाडा केला की मजुरी गेली. बाळ चाळीतल्या खोलीत, शेजारणीच्या नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. भुकेनं रडलं तर पाजणार कोण? गोळी दिली की ते निजून राही. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. शिकल्यासवरल्या इंग्लंडातही गिरण्यांच्या गावांत मुलांना ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूचं गोड औषध पाजत होतेच. जिथे आईला दिवसभर बाहेर राहावं लागलं आणि मूल ठेवायला जागा नव्हती, तिथे अफू घरात शिरली.

या झोपेत मूल भूकच विसरे आणि दिवसेंदिवस वाळत जाई. हे हळू मरण. दुसरं झटपट. अफू मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र दाबून टाकते. तान्ह्याला थोडीशी जास्त झाली तरी पुरते. आणि वरून बघणाऱ्याला काय दिसतं? शांत निजलेलं बाळ! फसगत आहे ती इथेच.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यानं, जिथे पन्नासांहून जास्त बाया कामाला, तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. बाळगोळीला खरा उतारा हाच होता, असं आमचं मत.

गोळी गेली, पण अफूच्या जातीची औषधं घरात आहेत. कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, कॅन्सरच्या रुग्णाला दिलेलं मॉर्फिन. म्हातारी माणसं चुकून दोनदा घेतात, मुलं खेळता खेळता तोंडात घालतात. तेव्हा झोप आणि विषबाधा यांतला फरक ओळखता आला पाहिजे. हाक मारून, गदागदा हलवूनही माणूस जागं होत नाही. श्वास फार संथ, मध्येच थांबणारा, घशात घरघर. ओठ, नखं निळी-काळपट. पापणी उघडली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. घरघर ऐकून “गाढ घोरतोय, निजू दे” म्हणू नका.

लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर मान थोडी मागे करून, नाक चिमटीत धरून दर पाच-सहा सेकंदांनी तोंडानं एक श्वास द्या. तान्हं असेल तर मान सरळ ठेवा, त्याचं नाक-तोंड दोन्ही आपल्या ओठांत घ्या आणि दर दोन-तीन सेकंदांनी हलकी फुंकर घाला. मिठाचं पाणी, ताक, कॉफी काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. पूर्वी डॉक्टरसुद्धा अशा माणसाला धरून चालवत ठेवत. तो काळ गेला.

आता नॅलोक्सोन आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला, १९७१ मध्ये तिथे ते वापरात आलं. सुई दिली की दोन-चार मिनिटांत श्वास परततो. मात्र त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि अंगातली अफू तोवर संपलेली नसते. म्हणून रुग्ण उठून बसला, बोलायला लागला, तरी त्या दिवशी त्याला दवाखान्यातून घरी आणू नका. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना काय घेतलं ते कळेल.