सोफियाचें उत्तर

ट्रॉयचें उत्खनन करणाऱ्या हाइनरिख श्लीमान या जर्मन पंडिताचें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु होमरची नगरी खणावयास लागण्यापूर्वीं त्यानें होमरच्या देशांत आपल्यासाठीं एक पत्नी शोधिली, ती हकीकत आम्हांस त्या नगरीइतकीच विचार करण्याजोगी वाटते.

१८६९ सालीं श्लीमान सत्तेचाळीस वर्षांचा होता. रशियांत व्यापार करून त्यानें अमाप संपत्ति मिळविली होती. रशियन पत्नी मात्र देश सोडून त्याच्याबरोबर येण्यास तयार नव्हती. शेवटीं अमेरिकेंत जाऊन त्यानें घटस्फोट मिळविला आणि आपला ग्रीक भाषेचा जुना गुरु, धर्माध्यक्ष विंपोस, यास पत्र धाडिलें: मुलगी गरीब असली तरी चालेल, पण शिकलेली हवी, आणि होमरवर तिची भक्ति हवी. विंपोसनें छायाचित्रें पाठविलीं. त्यांतून श्लीमाननें निवडिली ती सोफिया एंगास्त्रोमेनोस, अथेन्सच्या एका कापडव्यापाऱ्याची सतरा वर्षांची कन्या आणि खुद्द विंपोसच्या नात्यांतली.

मुलगी पाहण्याचा समारंभ आमच्या वाचकांस निराळा वर्णून सांगावयास नको. आईबाप, भावंडें, आप्त सारे जमलेले, आणि मुलीची परीक्षा चाललेली. सम्राट् हेड्रियन अथेन्सला कधीं आला, असें पाहुण्यानें विचारिलें म्हणतात. होमरच्या ओळीहि म्हणावयास लाविल्या. ती उत्तीर्ण झाली. पुढें श्लीमाननें तिला विचारिलें, "माझ्याशीं लग्न करावयास तूं कां तयार झालीस?" सोफियानें सरळ सांगितलें कीं, आपण श्रीमंत आहां असें आईबाप म्हणाले म्हणून.

गृहस्थ दुखावला आणि निघून गेला. आम्हांस हा राग अंमळ हास्यास्पद वाटतो. छायाचित्र पाहून वधू निवडणाऱ्यानें तिच्याकडून प्रीतीची अपेक्षा कोणत्या आधारावर करावी? पुढें पत्रें गेलीं-आलीं, मन वळलें, आणि सप्टेंबर १८६९ मध्यें सोफोक्लीसच्या जन्मग्रामीं, कोलोनॉस येथें, लग्न लागलें.

पण द्रव्यानें जोडलेली सोयरीक मनें जोडीत नाहीं, हें पॅरिसमध्यें दिसून आलें. तेथें नवरा तिच्याकडून नव्या भाषा घोकून घेई, आणि ती माहेरच्या ओढीनें झुरून आजारी पडली. अखेर श्लीमाननेंच माघार घेतली. १८७० मध्यें तो तिला अथेन्सला परत घेऊन आला आणि त्याच शहरीं त्यानें कायमचा संसार थाटला. सासरच्या मंडळींस त्यानें खरोखर जिंकलें असेल तर तें या माघारीनें, असें आमचें मत आहे. १८७१ सालीं जन्मलेल्या मुलीचें नांव आंद्रोमाखी ठेविलें, आणि पुढें मुलाचें आगामेम्नॉन!

१८७३ च्या मे महिन्यांत ट्रॉय येथें सोन्याचा सांठा सांपडला. सोफियानें तो आपल्या शालींत गुंडाळून नेला, असें श्लीमाननें छापिलें. वस्तुतः वडिलांच्या मृत्यूमुळें ती त्या वेळीं अथेन्सला, आपल्या माणसांत होती. पुढें ब्रिटिश म्यूझियमच्या न्यूटनला लिहितांना त्यानें तें कबूल केलें. तिला पुरातत्त्वाची गोडी लागावी म्हणून आपण असें लिहिलें, असें त्याचें म्हणणें. ही युक्ति प्रामाणिक नव्हे, पण गोडी मात्र लागली. १८७६ मध्यें मायसीनी येथें एका मोठ्या घुमटाकार थडग्याच्या खोदकामावर सोफिया स्वतः देखरेख करीत होती, आणि १८७७ मध्यें लंडनच्या विद्वत्सभेपुढें तिनें भाषण केलें.

श्लीमान १८९० सालीं नेपल्स येथें वारला. सोफिया त्यानंतर बेचाळीस वर्षें जगली. तिनें पुन्हां लग्न केलें नाहीं.