‘किरकोळ मार’ म्हणजे किती?

मधल्या सुट्टीत मुलगा झाडावरून पडतो. डोक्याला टेंगूळ येते, क्षणभर भान हरपते. दुसऱ्या दिवशी स्वारी वर्गात हजर! पण महिन्याभराने त्याचे लक्ष लागेनासे झाले, तर दोष माराचा की मूळच्या स्वभावाचा? या प्रश्नाने संशोधकांनाही बरेच चकवले आहे.

बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९७४ सालची. त्याच वर्षी ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची पट्टी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. १५ पैकी १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य इजा. पण या गुणांवरून त्या घटकेची शुद्धी कळते, महिन्यानंतरची स्थिती नव्हे.

लंडनमध्ये मायकेल रटर व सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास वेगळी वाट धरली. तुलनेसाठी त्यांनी हाडांना इजा झालेली मुले घेतली आणि अपघातानंतर लगेच पालकांना व शिक्षकांना विचारले, ‘आधी हे मूल कसे होते?’ सौम्य गटातल्या वागणुकीच्या तक्रारी बऱ्याच अंशी अपघाताआधीच्याच निघाल्या! मात्र या ‘सौम्य’ गटात आठवड्याच्या आतबाहेर नव्हे, पण कित्येक दिवस स्मृती हरपलेली मुलेही बसत होती. १९९३ च्या अमेरिकन व्याख्येने ही मर्यादा २४ तासांवर आणली. शब्द एकच, मुले वेगळी. मग निष्कर्ष जुळणार कसे?

तिसरी अडचण पाठपुराव्याची. कॅनडातील २०१६ च्या अभ्यासात ३,०६३ मुले नोंदली गेली. २८ दिवसांनी माहिती मिळाली २,५८४ जणांची. त्यांपैकी ८०१ जणांचा त्रास टिकून होता. उरलेल्या ४७९ जणांचे काय?

आपल्याकडे तर दिवाळीच्या सुमारास बीडमधली कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेव्हा पडलेले मूल २८ दिवसांनी दूरच्या फडावर असेल. अभ्यासातून गळते ते नेमके हेच मूल, ज्याला विश्रांती मिळणे सर्वांत कठीण.

म्हणून आम्हाला शिक्षकांची वही मोलाची वाटते. वारंवार उलट्या किंवा वाढती गुंगी दिसली तर अर्थातच आधी दवाखाना गाठावा. एरवी तारीख, भान किती वेळ हरपले आणि मूल पूर्वी कसे होते, एवढे तरी लिहून ठेवावे. मुलाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही पाहणारे, घराबाहेरचे माणूस शिक्षकच असते.