एकूण चढाई (सायकल-प्रवासातील)

सायकलवरच्या एका प्रवासात जेवढे चढ चढले गेले त्या सर्वांच्या उंचीची बेरीज म्हणजे एकूण चढाई. सायकलस्वारांच्या बोलण्यात ती ‘एलिव्हेशन गेन’ किंवा नुसते ‘गेन’ असते. उतार या बेरजेतून वजा होत नाहीत. म्हणून पहाटे पुण्याहून निघून सिंहगड करून घरी परतलेला माणूस होता त्याच उंचीवर आला, तरी त्याच्या खात्यावर काहीशे मीटर जमा होतात. हँडलवरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांत हा सर्वांत डळमळीत. एकाच पहाटे, एकाच रस्त्याने, एकमेकांच्या मागे चाललेल्या दोघांच्या अंतरात नगण्य फरक पडतो. चढाईत मात्र तो दहा-पंधरा टक्केही निघू शकतो, आणि यंत्रे दोन्ही ठाकठीक असतात. याचे मूळ असे की यंत्र उंची मोजते. चढाई ही त्या उंचींवरून, कोणीतरी ठरवलेल्या नियमाने, हिशेब करून काढलेली असते. उंचीतली चूक आणि हिशेबाचा नियम या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या तरच आकड्याचा अर्थ लागतो.

उंची कळण्याच्या तीन वाटा आहेत. सर्वांत भरवशाची वाट हवेच्या दाबाची, आणि ती जुनी आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समध्ये फ्लोरँ पेरिए याने आपला मेहुणा ब्लेझ पास्काल याच्या सांगण्यावरून पाऱ्याची नळी प्यूई द दोम या डोंगरावर नेली. पायथ्याच्या क्लेरमाँ गावापेक्षा माथ्यावर पारा आठ सेंटिमीटरांहून थोडा अधिक खाली उभा राहिला. त्या दिवशी पेरिएने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच या विषयात मोलाची आहे. दुसरी नळी त्याने पायथ्याच्या मठात ठेवली आणि ती दिवसभर पाहत राहायला एका धर्मगुरूला बसवले. माथ्यावरचा फरक डोंगरामुळे पडला, पालटलेल्या हवेमुळे नव्हे, हे त्या खालच्या नळीने दाखवून दिले. सायकलवरच्या यंत्राकडे वरची नळी आहे, खालची नाही.

समुद्रसपाटीजवळ साधारण साडेआठ मीटर चढले की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. लडाखच्या उंच खिंडींत त्याच १ हेक्टोपास्कलसाठी सुमारे १५ मीटर चढावे लागते. आजची चिमुकली संवेदके दहा-वीस सेंटिमीटरांचा चढही टिपतात. पण न चढताही दाब बदलतो. उष्ण कटिबंधात तो रोज दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. दख्खनमध्ये सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तो ३ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. म्हणजे धाब्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल यंत्राच्या मते हळूहळू पंचवीस मीटर वर जात असते. पहाटे निघून दहाला परतणाऱ्याचे उलटे होते. त्याचे अंगण दहा-पंधरा मीटर खचलेले दिसते. पावसाळ्यात कमी दाबाचे क्षेत्र सरकत आले तर हा फरक याहून मोठा होतो.

तापमानाचा दोष वेगळ्या जातीचा आहे, कारण तो चढाईच्या प्रमाणात वाढत जातो. दाबाचे उंचीत रूपांतर करताना प्रमाण वातावरण धरण्याची रीत आहे. त्यात समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस असते आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने ७०० मीटर उंचीवर साडेदहा अंश असायला हवेत. एप्रिलमधल्या सकाळी सह्याद्रीत तिथे ३० असू शकतात. गरम हवा विरळ असते, म्हणून दाब तेवढाच उतरायला जास्त चढावे लागते, आणि खरे १०० मीटर चढल्यावर यंत्र ९३-९४ दाखवते. वैमानिकांना दहा अंशांमागे चार टक्के ही दुरुस्ती शिकवली जाते. सायकलस्वाराला ती सहसा कोणी सांगत नाही, आणि उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसाच्या घामाचे काही मीटर असे नाहीसे होतात.

वारा आणि पाणी यांचा त्रास तात्पुरता, पण विचित्र. ताशी ४० किलोमीटर वेगाने समोरची हवा थेट संवेदकाच्या छिद्रावर आदळली तर दाब सुमारे ०.७ हेक्टोपास्कलने वाढतो, म्हणजे सहा मीटरांचा खोटा उतार. ब्रेक लावले की तेवढाच खोटा चढ. छिद्र बहुधा यंत्राच्या आडबाजूला असते ते यासाठीच. त्यावर पावसाचा थेंब किंवा घामाचे मीठ बसले की आतला दाब कोंडतो, आणि मग मोकळा होताना एकदम उडी घेतो. जुलैमध्ये ताम्हिणीतून जाऊन आल्यावर आलेख पायऱ्या-पायऱ्यांचा दिसला तर प्रथम हे छिद्र तपासावे.

दुसरी वाट उपग्रहांची. उपग्रह फक्त डोक्यावर दिसतात, पायाखालच्यांच्या आड पृथ्वी येते. त्यामुळे जीपीएसची उंचीतली चूक आडव्या जागेतल्या चुकीच्या दीड-दोन पट, कधी त्याहूनही अधिक असते. घाटात एका अंगाला कडा असला की अर्धे आकाश झाकले जाते आणि संदेश खडकावर आपटून उशिरा पोहोचतात. आणखी एक गुंतागुंत आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून मोजलेली असते, आणि समुद्राची खरी पातळी त्या आकाराशी जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती १०० मीटरांहून अधिक खाली आहे, जगातला हा सर्वांत खोल खळगा. कोकण किनाऱ्यावर ती साठ-सत्तर मीटर खाली भरते. ही दुरुस्ती न करणारे यंत्र मुंबईच्या वाळूवर उणे साठच्या आसपास दाखवील. एकूण चढाईला मात्र याने धक्का लागत नाही, कारण पायथा आणि माथा दोन्ही जवळपास सारखेच खाली जातात.

तिसरी वाट नकाशाची. यंत्राने फक्त जागा टिपायची आणि तिथली उंची सॉफ्टवेअरने साठ्यातून काढायची. राइडच्या आधी मार्ग आखताना दिसणारी चढाई अशीच येते. या साठ्यांत सर्वांत गाजलेला म्हणजे ‘एसआरटीएम’: फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने केलेले मोजमाप. उत्तर अक्षांश ६० ते दक्षिण अक्षांश ५६ मधली जमीन त्यात आली. अमेरिकेबाहेर ते बरीच वर्षे ९० मीटरच्या चौकटींतच मिळे. ३० मीटरच्या चौकटी २०१४ पासून खुल्या होऊ लागल्या. भारतासाठी इस्रोने कार्टोसॅट-१ च्या छायाचित्रांवरून तयार केलेला साठा ‘भुवन’ या संकेतस्थळावर आहे.

तीस मीटरच्या चौकटीला एकच उंची, आणि घाटरस्ता तर सहा-सात मीटर रुंद, एका हाताला दरड, दुसऱ्या हाताला दरी. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटासारख्या रस्त्यावर हीच चौकट नडते. डोंगराचा उतार ३० अंशांचा धरला आणि मार्गाची रेघ १० मीटर बाजूला सरकली, तर उंची पावणेसहा मीटरने चुकते. रेघ डावीउजवीकडे हलत राहिली की प्रत्येक हेलकावा एक खोटा चढ देऊन जातो. रडारच्या लेखी झाडांचे शेंडे आणि इमारतींच्या गच्च्याही जमीनच. उभ्या कड्यांच्या सावलीत त्याला काही दिसत नाही, आणि ती भोके मागाहून अंदाजाने बुजवलेली आहेत. बोगद्यात आणि पुलावर तर सगळेच उलटे होते. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यातून सरळ जाणाऱ्याला नकाशा डोंगराच्या पाठीवरून नेतो. खाडीचा पूल ओलांडणाऱ्याला पाण्यापर्यंत उतरवून पुन्हा वर काढतो.

उंची कशीही मिळवली, तरी पुढे बेरजेचा नियम लागतोच, आणि सर्वांत मोठे मतभेद इथे होतात. चार तासांच्या सपाट राइडमध्ये दर सेकंदाला एक याप्रमाणे १४,४०० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत सरासरी १० सेंटिमीटरांची थरथर आहे आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही असे धरले, तर केवळ वर जाणारे फरक जोडत गेल्यास बेरीज ८०० मीटर होते. रस्त्यावर एकही चढ नसताना! म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आधी आलेख गुळगुळीत करते आणि मग उंबरठा लावते: ठरावीक उंचीपेक्षा लहान चढ मोजायचाच नाही. राइडच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने जाहीर केलेल्या नियमानुसार दाबमापक असलेल्या यंत्राच्या नोंदीला हा उंबरठा २ मीटरांचा, नसलेल्याला १० मीटरांचा आहे. मुंबईत सहा-सात मीटर उंचीचे वीस उड्डाणपूल ओलांडले तर पहिल्या नियमाने सव्वाशे मीटर मिळतात, दुसऱ्याने शून्य. दोघांचे पाय सारखेच दुखतात.

मग खरी चढाई किती? लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाला देशांच्या सीमा आणि किनारे मोजताना आढळले होते की मोजपट्टी जितकी लहान, तितकी लांबी अधिक भरते. बेन्वा मँडलब्रो याने १९६७ साली त्यावरूनच ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, हा प्रश्न लेखाच्या मथळ्यात विचारला. चढाईचे तसेच आहे. डांबरातला प्रत्येक उंचवटा धरला तर बेरीज फुगतच जाते. दहा मीटरांखालचे सारे सोडले तर आकसते. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते उंबरठा सांगितल्याशिवाय चढाईचा आकडा छापणे म्हणजे एकक न सांगता वजन सांगणे होय, आणि तो नियम आकड्याशेजारीच दाखवण्याची सक्ती यंत्रे आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी स्वतःवर घालून घ्यायला हवी.

रस्त्याच्या घडणीनुसार हा गोंधळ कमीजास्त होतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या बोरघाटासारखा सलग चढ असला की सगळ्या पद्धती एकमेकींच्या जवळ येतात, कारण तिथे चढाई म्हणजे माथा वजा पायथा. कोकणच्या सागरी रस्त्यावर मात्र कोणाचेच कोणाशी जुळत नाही. मुरूडपासून खाली गुहागर, रत्नागिरीकडे जाताना खाडी, सडा, पुन्हा खाडी, मध्ये वाडीवाडीला पाच-आठ मीटरांची चढणे. दिवसभरात अशी चाळीस चढणे उंबरठ्याखाली गेली तर अडीच-तीनशे मीटर गायब होतात. कोकणात राइड करून आलेला माणूस थकवा आणि आकडा यांचा मेळ बसत नाही अशी तक्रार करतो ती बहुधा खरी असते.

आकड्याला स्पर्धेचे वजन आले की चूक महागात पडते. एकाच चढावर वरखाली करत एव्हरेस्टइतकी, म्हणजे ८,८४८ मीटर, चढाई एका दमात पुरी करण्याला ‘एव्हरेस्टिंग’ म्हणतात. हेल्स ५०० या गटाने २०१४ पासून ते प्रचारात आणले. जून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू लॅकलन मॉर्टन याने अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रिस्ट कॅन्यनच्या चढावर ते ७ तास २९ मिनिटे ५७ सेकंदांत केले. विक्रम जाहीर झाला. नंतर तपासणीत त्या चढाच्या उंचीचा धरलेला आकडाच जास्त असल्याचे निघाले, आणि फेऱ्यांनी गुणल्यावर बेरीज एव्हरेस्टच्या खाली आली. एका फेरीतली लहान चूक फेऱ्यांबरोबर गुणली जाते, हे सर्वांना तेव्हा कळले. मॉर्टन आठवड्याभरात पुन्हा त्याच चढावर गेला आणि ७ तास ३२ मिनिटे ५४ सेकंदांत पुरी उंची चढला. या खेळात दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर म्हणावे लागेल.

पडताळणीच्या जुन्या पद्धती अजून उपयोगी आहेत. ब्रिटनमध्ये ऑडॅक्सच्या लांब पल्ल्याच्या राइडला चढाईचे गुण देताना छापील नकाशावर रस्त्याने ओलांडलेल्या समोच्च रेषा मोजण्याची रीत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर या रेषा सहसा २० मीटरांनी असतात. सलग घाटासाठी त्या पुरतात. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती वाटेत यंत्र जुळवून घ्यायला हाताशी असते. घरून निघून घरी परतलेल्या राइडमध्ये एकूण चढ आणि एकूण उतार सारखे यायला हवेत. जो फरक उरतो तो बहुतांशी त्या दिवशीच्या हवेचा. फलकांवरही डोळे झाकून विसंबू नये. मनालीहून लेहकडे जाणारे मराठी सायकलस्वार खारदुंग ला इथे ज्या पाटीपाशी छायाचित्र काढत आले, तिच्यावर १८,३८० फूट, म्हणजे ५,६०२ मीटर लिहिलेले असे. उपग्रहांच्या मोजणीने ती खिंड सुमारे ५,३५९ मीटरांवर आहे.

घरातल्या ट्रेनरवरच्या चढाईला यातले काहीच लागू होत नाही. झ्विफ्ट या खेळातल्या ‘आल्प द्यू झ्विफ्ट’ चढाची उंची १,०३६ मीटर आहे, कारण तो तेवढाच रचलेला आहे, आणि साडेआठ वेळांहून किंचित अधिक तो चढून लोक बैठकीच्या खोलीत एव्हरेस्टिंग पुरे करतात.