कडा चढणारी मराठी

१९५३ साली तेनसिंग व हिलरी यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्या पराक्रमास आपण गिर्यारोहण म्हणतो आणि अशा माणसांस साहसी म्हणतो. दोन्ही शब्द संस्कृत वळणाचे. आपला राळेगावचा मुलूख कापसाचा, कड्यांचा नव्हे. तरीही डोंगर चढण्याची अस्सल मराठी भाषा कोठून आली, हे पाहणे अगत्याचे आहे.

ही भाषा छंदातून आली नाही. ती पहाऱ्यातून आणि लढाईतून आली. डोंगराचा खाली उतरत गेलेला दांडा ती सोंड. दोन कड्यांमधली अरुंद, उभी वाट ती नाळ. बालेकिल्ल्याखालची तटबंदीची सपाटी ती माची, आणि गडाच्या वाटेवरील चौकी ते मेट. शत्रू कोठून येईल, ही चिंता या शब्दांमागे उभी आहे.

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ च्या सुमारास जिंजीस बखर लिहिली. १६७० साली सिंहगडावर निवडक मावळे वानरांसारखे कडा चढले व त्यांनी वरून माळ लावली, असे तो सांगतो. माळ म्हणजे दोराची शिडी. पोवाड्यातली घोरपड सर्वांस ठाऊक आहे. सभासदाच्या बखरीत ती नाही. घोरपड आपल्या स्मरणात राहिली. ज्या माळेवरून तीनशे माणूस गडावर गेले, तिचा अर्थ मात्र आपण विसरलो.

आपल्या वऱ्हाडातही असा प्रसंग घडला. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी गाविलगडाचा बाहेरचा तट तोफांनी फोडला, पण आतल्या तटात शिरण्यास वाट नव्हती. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळ ओलांडून तटास शिड्या लावल्या व आतून दरवाजा उघडला. गड पडला तो शिडीने.

आता साहस शब्द पाहा. स्मृतिग्रंथांत साहस म्हणजे बळजबरीचा अपराध. मनुस्मृतीत तर प्रथम, मध्यम व उत्तम साहस ही दंडाचीच नावे असून त्यांची रक्कम अनुक्रमे २५०, ५०० व १००० पण, म्हणजे तेवढी नाणी, अशी आहे. काल ज्या शब्दाने दंड होई, त्याच शब्दाने आज गौरव होतो! बळ तेच, ते कशासाठी खर्चले, यावरून समाज त्याचे मोल ठरवतो.

शब्द वापरात राहिला तरच अशी स्थित्यंतरे पाहतो. न वापरला तर माळेसारखा हरवतो. म्हणून गडावर जाणाऱ्या तरुणांनी पायथ्याच्या गावकऱ्यास वाटेचे, कड्याचे, टाक्याचे नाव विचारावे आणि टिपून आणावे. नाव गेले, की त्या वाटेवर पहारा केलेल्या माणसांची आठवणही जाते.