४५ मिनिटांमागची ९ वर्षे

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पुढच्या सुमारे ४५ मिनिटांत ‘नाइट कॅपिटल’ या दलाली कंपनीच्या यंत्रणेने ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींपोटी तब्बल ४० लाख सौदे करून टाकले. तोटा ४६ कोटी डॉलरांचा.

याचे कारण नेहमी एका वाक्यात सांगितले जाते : नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर बसवायचा होता, तो सातांवरच बसला. हे खरे आहे. पण मला ते अपुरे वाटते. आठव्यावर जुना प्रोग्राम राहिला, एवढ्याने फार तर नवी सोय तिथे चालली नसती. अनर्थ घडला तो जुन्या प्रोग्रामात जे उरले होते त्यामुळे.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३मध्ये काढलेल्या आदेशात त्याची हकिगत आहे. ‘पॉवर पेग’ नावाची सोय कंपनीने २००३मध्ये वापरातून काढली; कोडमधून मात्र काढली नाही. २००५मध्ये ऑर्डरीतले किती शेअर घेऊन झाले हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला गेला. हीच मोजणी ‘पॉवर पेग’ला थांबवत असे. मेलेल्या सोयीची पुन्हा चाचणी कोण घेणार? २०१२मध्ये नव्या सोयीसाठी जुनाच फ्लॅग वापरला. सात सर्व्हरांवर त्याचा अर्थ नवा होता, आठव्यावर जुना. तिथे ‘पॉवर पेग’ जागे झाले, आणि त्याला ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरले नव्हते. गोंधळात सातांवरचा नवा प्रोग्रामही काढला गेला. मग तिथेही तेच सुरू झाले.

विलक्षण गोष्ट अशी, की नवा कोड नेमका या निकामी भागाच्याच जागी बसणार होता. सफाई चालू होती, पण ९ वर्षे उशिरा.

कोड तपासताना ‘ही ओळ कधी चालतच नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात. ‘रिटर्न’नंतरची ओळ रचनेमुळेच चालू शकत नाही, ते कंपायलरलाही कळते. दुसऱ्या प्रकारच्या ओळीकडे जाणारा रस्ता असतो, फक्त तो कोणी वापरत नाही. ही बाब माणसांच्या आठवणीवर सोपवलेली असते, आणि माणसे नोकऱ्या बदलतात. पहिली ओळ काढणे ही टापटीप. दुसरी काढणे ही सुरक्षितता. ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून ठेवण्याचीही गरज नसते. जुन्या आवृत्त्या वेगळ्या जपता येतात.

आयोगाने १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला. त्या सकाळचा इतिहास मी लिहिला, तर सुरुवात २००३पासून करीन.