परजीवीची भयकथा वाचायला आली, तर अभिप्राय कसा द्यायचा?

अंगात काहीतरी शिरतं आणि माणूस हळूहळू स्वतःचा राहत नाही. नवोदित भयकथाकारांचा हा लाडका विषय. कथा लिहून झाली की मित्रमैत्रिणींना पाठवली जाते, 'वाचून सांग ना' म्हणून. उत्तर येतं 'भारी!' किंवा 'भीती नाही वाटली यार'. पहिल्या उत्तराने कथा सुधारत नाही आणि दुसऱ्यानंतर कित्येकदा पुढची कथा लिहिलीच जात नाही. मग उपयोगी पडेल असा अभिप्राय कसा असतो?

आधी एक प्रश्न विचारा

हा पहिला खर्डा आहे की स्पर्धेला पाठवायची कथा? पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नये. त्या वेळी कथा उभी राहते का, एवढंच पाहावं.

भीतीची जागा दाखवा

'मजा नाही आली' यातून लेखकाला काही कळत नाही. 'आंघोळ करताना तिला पाठीवरची गाठ सरकल्यासारखी वाटते, तिथे दचकायला झालं. पण पुढची दोन पानं डॉक्टर माहिती देत बसतात, तिथे भीती उतरली' यातून नेमकं कळतं. वाचताना काय वाटलं हे सांगणं वाचकाचं काम. उपाय शोधणं लेखकाचं.

त्या जीवाचे नियम तपासा

तो शरीरात कसा शिरतो? त्याला काय हवंय? बाहेर कसा पडतो? ही उत्तरं कथेत सांगायलाच हवीत असं नाही, पण ती दर पानाला बदलता कामा नयेत. खरे परजीवी इथे मदतीला येतात. नारूचंच बघा. दूषित पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबरोबर त्याच्या अळ्या पोटात जातात. साधारण वर्षभराने मादी बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येते. तिची लांबी एक मीटरपर्यंत असू शकते. काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढून ती बाहेर काढावी लागायची. पायऱ्यांच्या विहिरी हे नारू पसरण्याचं मोठं ठिकाण होतं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं.

दुसरं उदाहरण मुंग्यांना झपाटणाऱ्या बुरशीचं. बाधित मुंगी झाडावर चढते, पानाला घट्ट चावा घेते आणि तिथेच मरते. मग तिच्या डोक्यामागून बुरशीचा कोंब फुटतो. २०१७च्या एका अभ्यासात या बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं करून बसलेल्या दिसल्या, मेंदूत मात्र सापडल्या नाहीत. मेंदू शाबूत आणि शरीर दुसऱ्याच्या ताब्यात, ही कल्पना कुठल्याही शिंगं-दातांपेक्षा भयंकर आहे. लेखकाला असा दुवा देणं हाही चांगला अभिप्रायच.

यजमान कोण आहे?

परजीवी ज्याच्या शरीरात राहतो त्याला जीवशास्त्रात 'यजमान' म्हणतात. कथा बहुतेक वेळा फसते ती इथेच. जीवाचं वर्णन तीन पानं आणि यजमान फक्त 'राहुल, वय २५'. तो कोण, त्याचं काय हिरावलं जातंय, बदल सर्वांत आधी कुणाच्या लक्षात येतो, हे विचारावं. माणूस ओळखीचा झाला तरच तो हरवल्याची भीती वाटते.

किळस आणि भीती वेगळ्या

रक्त-पू वाचून किळस येते, भीती येईलच असं नाही. १९७९च्या 'एलियन'मध्ये छाती फोडून जीव बाहेर येतो, त्याआधी सगळे हसत-खिदळत जेवत असतात. धक्का बसतो तो त्या निवांतपणामुळे. कथेत सुरुवातीपासूनच किंकाळ्या असतील, तर 'आधी थोडी शांतता हवी होती' असं सांगता येतं.

काय टाळावं?

• स्वतःच शेवट बदलून देणं.
• नामवंत लेखकांशी तुलना करणं.
• चुका ग्रुपवर सर्वांसमोर मोजणं.
• वीस मुद्दे काढणं. जमलेली एक जागा आणि फसलेल्या दोन-तीन, एवढं पहिल्या वेळी पुरेसं असतं.

खोटं कौतुक मात्र करू नये. कथा कुठे पकड घेते आणि कुठे सोडते हे नेमकं कळलं, तर नवा लेखक पुन्हा लिहायला बसतो.