पाटीवरचे तीन शब्द



घराबाहेर कोणाच्या हातचा चहा घ्यावा, हा एके काळीं आपल्याकडे धर्माचा प्रश्न होता. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलें, आणि प्रायश्चित्ताचा वाद बरींच वर्षें गाजला. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनीं, १९१० सालीं, नारायण विष्णु काणे यांनीं मुंबईस दादर येथें फराळाचें दुकान काढलें. त्याचें नांव होतें ‘दक्षिणी ब्राह्मणाचें स्वच्छ उपाहारगृह’.

हें नांव म्हणजे त्या काळचा इतिहासच होय. पहिले दोन शब्द शिजविणाऱ्याच्या जातीची हमी देत. अशा हमीवांचून पुष्कळ गिऱ्हाइकें हॉटेलाचा उंबरठा ओलांडीत नसत. तिसरा शब्द मात्र कोणत्याच जातीचा नव्हता. १८९६ च्या प्लेगनें मुंबईकरांस स्वच्छतेची किंमत कळली होती. त्या संकटांतूनच १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्यानें शहराची दाटी कमी करण्यासाठीं दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या.

दादरला दोन्ही रेल्वेमार्ग एकमेकांशेजारीं येतात. कचेरींतला कारकून आणि गिरणींतला कामगार, दोघेहि तेथेंच उतरत. घाईच्या वेळीं बटाटेवड्याची बशी पुढें आली असतां शेजाऱ्याची जात विचारण्यास सवड कोणास असणार? तथापि केवळ गर्दीनें भेद मिटले, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. अस्पृश्य मानलेल्यांस कित्येक हॉटेलांत मज्जाव असे. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें उपाहारगृहांची दारें सर्वांस कायद्यानें उघडीं केलीं.

दादरहि पालटलें. १९२५ मध्यें शिवाजी पार्क खुलें झालें. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले आणि त्यांच्या जागीं मनोरे उठले. १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, १९९२ सालीं वाशीपर्यंत रेल्वे आली, आणि जुन्या मुंबईंतलीं किती तरी मराठी कुटुंबें आमच्या या नव्या मुंबईंत येऊन राहिलीं.

या सर्व उलथापालथींत काण्यांच्या पुढील पिढ्यांनीं तो धंदा चालविला. लोकांच्या तोंडीं मात्र निराळेंच नांव बसलें : ‘मामा काणे यांचें स्वच्छ उपाहारगृह’. पहिले दोन शब्द गळले, तिसरा टिकला. जातीच्या जागीं नातें आलें. समाजाची प्रगति मोजावयाची तर ती अशा पाट्यांवरूनहि मोजतां येते.